जुनी फोर-बाय-फोर घेताना इंजिन कोणते पाहावे? जिप्सी, थार डीआय की थार सीआरडीई

प्रश्न : मुरूमवाट (पुणे)

नमस्कार. वेल्हे तालुक्यात आमची वडिलोपार्जित शेती आहे आणि पुण्याहून तेथे दर आठवड्याला जाणे होते. डांबरी रस्ता संपल्यानंतरचे तीन-चार किलोमीटर मुरमाचे आहेत, वाटेत दोन ओढे लागतात आणि पावसाळ्यात त्या वाटेवर लाल मातीचा असा रेंदा होतो की साधी गाडी गावातल्या देवळापाशी लावून पुढे चालत जावे लागते. म्हणून सहा लाखांच्या आत बसणारी वापरलेली फोर-बाय-फोर घेण्याचे ठरवले आहे. नवी थार त्या रकमेत येत नाही, हे मला ठाऊक आहे. सध्या तीन गाड्या नजरेत आहेत : 2009 ची पेट्रोल जिप्सी, 2012 ची थार डीआय (साध्या यांत्रिक पंपाचे डिझेल इंजिन) आणि 2014 ची थार सीआरडीई (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे कॉमन रेल डिझेल इंजिन).

टायर, हूड आणि रंग यांविषयी सल्ला देणारे पुष्कळ भेटले. इंजिनाचा विषय निघाला की मात्र प्रत्येक जण आपलेच घोडे पुढे दामटतो. कागदावर पाहिले तर जिप्सी 80 अश्वशक्तीची, डीआय 63 ची आणि सीआरडीई 105 ची आहे. मग सर्वांत कमी अश्वशक्ती असलेल्या डीआयचे चिखलात इतके कौतुक का होते? माझ्या वापराला कोणते इंजिन योग्य ठरेल आणि गाडी पाहायला गेल्यावर नेमके काय तपासावे? गाडी मी आणि पत्नी असे दोघेही चालवणार आहोत.

उत्तर : नोझलपंप (कोल्हापूर)

अश्वशक्तीचा आकडा आधी बाजूला ठेवा, कारण तो इंजिन पूर्ण रेसवर असतानाचा आहे आणि चिखलात तुम्ही त्या रेसवर कधीच नसता. पाहायचे ते टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, किती आहे आणि तो मिनिटाला किती फेऱ्यांवर मिळतो हे. डीआयचे 2.5 लिटरचे एमडीआय इंजिन सुमारे 180 न्यूटन मीटर टॉर्क 1500 ते 1800 फेऱ्यांवर देते, जिप्सीचे 1.3 लिटरचे इंजिन 103 न्यूटन मीटर देते, आणि तेही 4500 फेऱ्यांवर. याचा अर्थ प्रत्यक्षात असा होतो की डीआय फोर-लोमध्ये (चारही चाकांना कमी वेग व जास्त जोर देणाऱ्या गिअरमध्ये) पहिल्या गिअरला टाकून क्लच पूर्ण सोडला आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, तरी गाडी माणसाच्या चालीने पुढे सरकत राहते. चढ लागून इंजिनावर भार आला की डिझेल पंपातला गव्हर्नर आपणहून डिझेल वाढवतो आणि इंजिन बंद न पडता ओढते. चाक सावकाश फिरले तर मातीला धरून राहते, झपाट्याने फिरले तर स्वतःचाच खड्डा खणते. डीआयच्या कौतुकाचे मूळ एवढेच आहे.

दुसरी जमेची बाजू म्हणजे या इंजिनाला ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, नाही. सारा कारभार पंप आणि नोझल यांच्यावर चालतो आणि तालुक्याच्या गावी ट्रॅक्टर दुरुस्त करणारा मिस्त्रीसुद्धा ते उघडू शकतो. मात्र आवाज आणि थरथर यांची तयारी ठेवा. ताशी ऐंशी किलोमीटरच्या पुढे हे इंजिन केविलवाणे ओरडू लागते, आणि घाटात मागच्यांचे हॉर्न ऐकण्याची सवय करून घ्यावी लागते.

तपासणीबाबत माझा आग्रह एकच आहे : इंजिन रात्रभर थंड झालेले असतानाच पाहा. पोहोचल्याबरोबर बोनेटवर हात ठेवा. ते गरम लागले तर विक्रेत्याने गाडी आधीच सुरू करून ठेवली आहे असे समजा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा. रेस न देता सेल्फ मारून पाहा. सुरुवातीचा थोडा पांढरा धूर विरला पाहिजे. तो गरम झाल्यावरही येत राहिला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड गॅसकेटचा (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधल्या पॅकिंगचा) संशय घ्यावा. रेडिएटरचे झाकण मात्र सेल्फ मारण्यापूर्वीच, थंड असताना उघडा आणि पाण्यावर तेलाचा तवंग आहे का ते पाहा. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा धूर बहुधा नोझल, पंप किंवा तुंबलेला एअर फिल्टर यांच्यावर निभावतो, म्हणून त्याला मी फारसा घाबरत नाही.

त्यानंतर इंजिन चालू असतानाच ऑइल भरायचे झाकण सैल करून त्याच तोंडावर उलटे ठेवा. ते जागच्या जागी थोडे थरथरले तर ठीक आहे. ते उडून बाजूला पडले आणि तोंडातून धुराचे झोत ठोक्यागणिक बाहेर येऊ लागले, तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारते आहे. म्हणजे रिंगा आणि बोअर झिजलेले आहेत, आणि इंजिनकामाचा खर्च किमतीतून वजा केल्याशिवाय व्यवहार करू नये. डीआय असो वा सीआरडीई, या झाकणाने जितके खरे कळते तितके विक्रेत्याच्या तोंडून कळत नाही.

उत्तर : दोडामार्गी (सिंधुदुर्ग)

वरील विवेचनात जिप्सीवर थोडा अन्याय झाला आहे. तिचा टॉर्क कमी आहे हे मान्य, पण तिचे वजन जेमतेम एक टन आहे आणि थार दीड टनाहून अधिक भरते. भिजलेल्या भातखाचरात थार जिथे आधी रुतते आणि मग टॉर्कच्या बळावर बाहेर येते, तिथे जिप्सी मुळात कमी रुतते. रेस मात्र द्यावी लागते, आणि ती कुठे द्यायची व कुठे सोडायची हे हाताला बसावे लागते. पेट्रोल इंजिन शांत आहे, थरथरत नाही, आणि याच कुटुंबातले इंजिन एस्टीममध्येही असल्यामुळे त्याची माहिती असलेले मिस्त्री अजूनही मिळतात.

जिप्सी घ्यायचीच असेल तर एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल देणाऱ्या) इंजिनाचीच घ्यावी. 2000 पूर्वीच्या कार्ब्युरेटरच्या गाड्या तिरक्या चढावर फ्लोट चेंबरमधले पेट्रोल एका बाजूला गेल्याने गुदमरतात. टायमिंग बेल्ट कधी बदलला याचा पुरावा मिळाला नाही, तर घेतल्याबरोबर तो बदलून टाकावा. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. ते हवेतला ओलावा शोषते आणि जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. तुमची गाडी आठवडाभर उभी राहणार, तेव्हा इंधनाच्या नळ्या बदलण्याचा खर्च आधीच धरून ठेवावा. थोडक्यात, जिप्सी दणकट आहे पण तिच्याकडे लक्ष द्यावे लागते, आणि तुम्ही तसे लक्ष देणारे असाल तरच तिच्या वाटेला जा.

उत्तर : टीटीओ_फॉर्म (सातारा)

इंजिनाच्या चर्चेत कागद मागे पडू नयेत, म्हणून थोडे लिहितो. 2009 च्या जिप्सीची पंधरा वर्षे पूर्ण झाली आहेत. तिची नोंदणी नूतनीकृत आहे का आणि पर्यावरण कर भरला आहे का, हे आरसीवरून व ऑनलाइन दोन्हीकडून पडताळावे. नसेल तर पासिंगच्या दिवशी ब्रेक, दिवे आणि धूर यांची सगळी कामे तुमच्याच गळ्यात पडतील.

इंजिन क्रमांक स्वतः वाकून, टॉर्च लावून वाचा आणि आरसीवरच्या क्रमांकाशी अक्षर न अक्षर ताडून पाहा. जुन्या जीपगाड्यांत इंजिन बदलण्याची परंपरा मोठी आहे, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे अशा बदलाची नोंद परिवहन कार्यालयात झालेली असावी लागते. बदललेले इंजिन कितीही गोड चालत असले, तरी नोंद नसेल तर अपघातानंतरच्या विमा दाव्यात ते अडचणीचे ठरते. दिल्ली परिसरात दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या सीआरडीई थार इकडे स्वस्तात येतात. त्यांची एनओसी आणि महाराष्ट्रात भरावा लागणारा रोड टॅक्स जमेस धरला की तो स्वस्तपणा पुष्कळदा उरत नाही.

उत्तर : घाटवळण (नाशिक)

मूळ प्रश्नात पुण्याहून दर आठवड्याला जाणे होते असे लिहिले आहे, आणि मला तोच मुद्दा निर्णायक वाटतो. तीन-चार किलोमीटरच्या चिखलासाठी उरलेला सगळा डांबरी प्रवास कानठळ्या बसवून घेत करायचा की नाही, हे पत्नीलाही विचारून ठरवावे. सीआरडीई इंजिन 247 न्यूटन मीटर टॉर्क 1800 ते 2000 फेऱ्यांवर देते, म्हणजे डीआयचा मुख्य गुण तिच्यात आहेच. शिवाय पुढच्या चाकांना स्प्रिंगच्या पाट्यांऐवजी स्वतंत्र सस्पेन्शन असल्यामुळे रस्त्यावर ती बरीच सुसह्य आहे. तुमच्या वापराला मी निःसंशय सीआरडीई सुचवेन.

तिची दुखरी बाजू इंधनाची आहे. कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब हजार बारच्या पुढे जातो आणि त्या दाबावर पाण्याचा अंश किंवा बारीक कचरासुद्धा इंजेक्टर खराब करतो. शेतावर ट्रॅक्टरसाठी ठेवलेल्या पिंपातले डिझेल या गाडीत कधीही घालू नये. मागचा मालक तसे करत होता का, हे बोलता बोलता विचारून घ्या; डिझेल फिल्टरच्या तळाची चावी सोडून काचेच्या बाटलीत थोडे डिझेल काढले, तर तळाशी पाणी आहे की नाही हे तिथेच दिसते. चारही इंजेक्टरचे रिटर्न (न वापरता टाकीकडे परतणारे डिझेल) किती येते, याची चाचणी पंप-नोझलच्या दुकानात होते. एखाद्याचे रिटर्न बाकीच्यांहून ठळकपणे जास्त असेल, तर तो इंजेक्टर जाण्याच्या मार्गावर आहे. स्कॅनर लावून नोंदलेले दोषही वाचून घ्यावेत. स्कॅनर पूर्ण कोरा आढळला आणि विक्रेता गडबडला, तर दोष त्याच सकाळी पुसलेले असण्याची शक्यता धरा.

मुरूमवाट (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. जिप्सीच्या नोंदणीचे नूतनीकरण झालेले नाही असे आजच समजले, त्यामुळे ती यादीतून काढली. डीआयमध्ये बसून पाहिल्यावर पत्नीने दोन मिनिटांत निकाल दिला. आता सीआरडीई पाहायला जाणार आहे. एकच शंका उरते : जुलैत आमच्या ओढ्याचे पाणी बंपरला लागते. एवढे इलेक्ट्रॉनिक्स असलेल्या इंजिनाला ते सोसेल का?

उत्तर : नोझलपंप (कोल्हापूर)

बंपरपर्यंतच्या, प्रवाह नसलेल्या पाण्यातून सावकाश गेल्यास सोसेल. प्रवाह असेल तर प्रश्न इंजिनाचा राहत नाही. पाणी गाडीच ढकलून नेते, तेव्हा उतार होईपर्यंत अलीकडे थांबावे. इंजिनाला खरा धोका एअर फिल्टरच्या वाटेने पाणी आत शिरण्याचा आहे, आणि तो डीआयलाही तितकाच आहे. पाणी दाबले जात नाही; ते सिलिंडरमध्ये गेले की कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पाण्यात इंजिन बंद पडलेच, तर पुन्हा सेल्फ मारू नका. गाडी ओढून बाहेर काढा, एअर फिल्टर उघडून पाहा, आणि तो ओला असेल तर इंजेक्टर काढून इंजिन हाताने फिरवून पाणी बाहेर काढल्याशिवाय चावीला हात लावू नका.

तुम्ही पाहणार आहात ती गाडी पूर्वी खोल पाण्यात गेली होती का, हेही कळते. एअर फिल्टरच्या डब्याच्या तळाशी वाळलेल्या गाळाची रेघ आहे का ते पाहा, वायरिंगचे एक-दोन कनेक्टर काढून पितळी पिनांवर हिरवट थर आहे का ते तपासा, आणि दोन्ही डिफरन्शियलचे व ट्रान्सफर केसचे (पुढच्या-मागच्या चाकांत जोर वाटणाऱ्या गिअरपेटीचे) ऑइल थोडे काढून बघा. ते दुधाळ निघाले तर आत पाणी गेलेले आहे. अशा वेळी आतली बेअरिंगे पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका.