खाऱ्या हवेत लेबल गेलेले रस्त्यावरचे दिवे ओळखायचे कसे?

देवबाग_वही: मालवण ते देवबाग रस्त्यावरच्या दिव्यांची नोंद करतोय. एलईडी कळतात. मधले जुने पिवळे आणि काही निळसर पांढरे कोणते, किती वॉटचे? लेबल एकाचंही वाचता येत नाही.

चोकवाला: लेबल सोडा, दिवेलागणीला पोलाखाली उभे राहा. सोडियम, म्हणजे सोडियमच्या वाफेचा बल्ब, आधी पांढुरका-गुलाबी पेटतो, मग पिवळा होतो आणि पूर्ण तेजाला चार-पाच मिनिटं घेतो. मर्क्युरी, म्हणजे पाऱ्याच्या वाफेचा बल्ब, तेवढाच वेळ घेतो, पण निळसरच राहतो. लाईट जाऊन लगेच आली तर आणखी सोपं: एलईडी तत्काळ लागतो, सोडियम मिनिटभरात, मर्क्युरी मात्र थंड होईपर्यंत, म्हणजे चांगली पाच मिनिटं, हटून बसतो. पावसाळ्यात ही परीक्षा आपल्याकडे फुकट होते.

तरी शंका राहिली तर जुन्या सीडीवर प्रतिबिंब बघा. मर्क्युरीचे जांभळा, हिरवा, पिवळा असे सुटे पट्टे दिसतात. एलईडीत रंग सलग असतात.

वॉट बाहेरून ठरवू नका. वायरमन फिटिंग उघडेल तेव्हा चोक (बल्बचा प्रवाह आवरणारी गुंडाळी) आणि कॅपॅसिटरचा फोटो मागा. आतलं लेबल बऱ्याचदा शाबूत असतं. सोडियमला कॅपॅसिटर साधारणपणे 70 वॉटला 10 मायक्रोफॅरडचा, 150 ला 20, 250 ला 33. 70 चा बल्ब ई-27 (27 मिमी आट्यांच्या) होल्डरचा, 150 पासून वर जाड ई-40. इग्निटर (बल्ब पेटवायला जास्त व्होल्टेजचा झटका देणारा डबा) नसेल आणि बल्ब दुधी, अंडाकृती असेल तर मर्क्युरी.

खारावारा: फिटिंग आणि बल्ब वेगळ्या रकान्यांत लिहा. जुन्या सोडियमच्या खोक्यात चोक बाजूला करून एलईडी बल्ब बसवलेला सर्रास सापडतो. नुसता आकार बघून नोंद केली की वही खोटी पडते.

फोटो दिवसा, तीन: बाजूने, बरोबर खालून आणि ब्रॅकेटच्या सांध्याचा. पोलावर रंगवलेला नंबर सोबत हवाच. पोलाचा प्रकारही लिहा: पायऱ्यापायऱ्यांनी निमुळता होणारा लोखंडी नळीचा, आठकोनी गॅल्वनाइज्ड, की विजेच्या तारांचा सिमेंटचा. उंचीला शिडी नको. मीटरभर काठीची सावली मोजा, त्याच वेळी पोलाची मोजा, पोलाच्या सावलीला काठीच्या सावलीने भागा.

समुद्राकडचे दिवे नीट झूम करून बघा. स्टीलच्या स्क्रूभोवती अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी दिसेल. दोन धातू आणि खारा ओलावा एकत्र आले की अॅल्युमिनियम झिजतं, स्क्रू जाम होतो, झाकण नीट बसत नाही आणि काचेत किडे-पाणी शिरतं. पोल मात्र जमिनीलगतच्या वीतभर पट्ट्यात आधी सडतो, तेव्हा तिथला एक फोटो. पावसात पोलाला हात लावू नका. बंद फिटिंगमधल्या कॅपॅसिटरमध्येही चार्ज राहतो.

देवबाग_वही: एक नोंद झाली. आठकोनी पोल, पिवळा प्रकाश, कॅपॅसिटर 20. पण दिवा दर थोड्या वेळाने विझतो, पुन्हा लागतो. 'लूज कनेक्शन' लिहू?

चोकवाला: नको. 150 वॉट सोडियम, बल्ब संपत आलेला. जुना झाला की त्याला जास्त व्होल्टेज लागतं, तापल्यावर ते पुरत नाही, विझतो. थंड झाला की इग्निटर पुन्हा पेटवतो. लूज कनेक्शन असं ठरल्या वेळाने येत-जात नाही. विझण्यातलं अंतर घड्याळ लावून लिहा.