बग्गी फक्त डाव्या वळणावरच गिरकी घेते, सेटअप बदलून बदलून थकलो

धुरळा२७

नमस्कार मंडळी. माझी रिमोटवर चालणारी, एक दशांश स्केलची टू-व्हील ड्राइव्ह बग्गी आहे, मोटर मधोमध असलेली. १३.५ टर्नची ब्रशलेस मोटर, २ एस (दोन सेलची) लायपो बॅटरी. ट्रॅक मातीचा, वर भुसभुशीत आणि खाली टणक. दीड महिन्यापूर्वीपर्यंत गाडी गुणाची होती. आता डाव्या वळणातून बाहेर पडताना जरा थ्रॉटल दिला की मागची चाकं सुटतात आणि गाडी गर्रकन फिरून आल्या वाटेकडे तोंड करून उभी राहते. उजव्या वळणावर तीच गाडी, तेवढाच थ्रॉटल, पण त्रास काही नाही.

आतापर्यंत केलेले उद्योग: मागचं शॉक ऑइल ३५० सीएसटीवरून (सीएसटी म्हणजे दाटपणाचं माप) ३००, डिफमधलं (दोन मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरपेटी) ७००० काढून ५०००, मागच्या स्प्रिंगा एक नंबर मऊ, मागचा कॅम्बर (चाकाचा उभा कल) उणे १ अंशावरून उणे २, राइड हाइट (पोटाची जमिनीपासूनची उंची) २३ मिमीवरून २१. हे सगळं एकाच संध्याकाळी केलं. आता गाडी उजवीकडेही धड वळेना, आणि उडीवरून उतरली की पोट आपटते. मागे टो-इन (चाकांची पुढची कड आत वळवणं) ३ अंश आहे, ४ करून बघू का?

चाकोरीबाहेर

डिफ अजून पातळ करा. ३००० घाला, माझी गाडी सुट्या मातीत त्यावरच शांत झाली. स्लिपर (झटका बसला की घसरणारा क्लच) पाव फेरा सैल सोडा. शिवाय रिमोटवर थ्रॉटलला थोडा एक्स्पो (सुरुवातीला मंद प्रतिसाद) द्या, म्हणजे सुरुवातीचा झटका बसणार नाही. एवढ्यात काम होईल.

फिटरकाका

थांब रे. काही घालू नकोस, काही सोडू नकोस.

तुझ्या प्रश्नातच उत्तर आहे, तू ते वाचलं नाहीस. गाडी डावीकडे फिरते, उजवीकडे फिरत नाही. डिफचं ऑइल डावं-उजवं ओळखत नाही. स्लिपर ओळखत नाही, एक्स्पो तर नाहीच नाही. हे सगळं दोन्ही वळणांना सारखं लागू पडतं. दोष एकाच बाजूला दिसतोय याचा अर्थ गाडीतच एका बाजूला काहीतरी वेगळं झालंय. डाव्या वळणात वजन जातं उजव्या चाकांवर, तेव्हा पहिला संशयित मागचा उजवा कोपरा. मी आयुष्यभर वर्कशॉपमध्ये फिटर होतो. मशीन एकाच बाजूला माल खराब काढू लागलं की आम्ही स्पीड बदलत नसू, त्या बाजूचा पाना घेत असू.

आधी तू केलेले पाचही बदल परत फिरव. ३५०, ७०००, जुन्या स्प्रिंगा, उणे १, २३ मिमी. वहीत लिहून ठेवलं असशील अशी आशा आहे. टो-इनला हातही लावू नकोस.

मग हे कर. बॉडी काढ, बॅटरी काढ, चारही शॉक सोडव. आता मागचा डावा आर्म (चाक धरणारा हलता दांडा) बोटाने आडवा होईपर्यंत उचल आणि सोड. तो आपल्या वजनाने धप्पकन खाली पडला पाहिजे. मग उजवा. तो मध्येच रेंगाळला, किंवा तू जिथे सोडलास तिथेच लटकून राहिला, तर चोर सापडला. असा आर्म जॅम असला की स्प्रिंग आणि ऑइल कितीही भारी घाल, चाक खड्ड्यात उतरायला उशीर करतं आणि तेवढा वेळ टायर हवेतच असतो. हवेत पकड कसली मिळणार?

जॅम असेल तर कॅम्बरची लिंक (चाकाचा कल ठरवणारी काडी) बॉलवरून काढ आणि पुन्हा उचलून सोड. आता पडला, तर बॉल कप (लिंकच्या टोकाची वाटी) घट्ट आहे. कप बॉलवर बसवून पक्कडीने अगदी हलका दाब दे, मोकळा होतो. तरीही पडला नाही, तर हिंज पिन (आर्म जिच्यावर हलतो ती सळई) बाहेर काढ आणि काचेवर ठेवून बोटाने लाटण्यासारखी फिरव. सरळ पिन गुपचूप घरंगळते. वाकलेली बोलते, टक् टक् टक्. डोळा काचेच्या पातळीला आणलास तर खालून उजेडाची फट उघडमीट करताना दिसेल. वाकलेली पिन ठोकून सरळ करायच्या फंदात पडू नकोस, नवीन घाल. आणि कृपा करून तिथे तेल सोडू नकोस. तेलावर धूळ बसते, धुळीची पेस्ट होते आणि ती पेस्ट प्लास्टिकचं भोक घासून मोठं करते. पुसायचं, कोरडं ठेवायचं.

आता शॉक. स्प्रिंगा काढून मागचे दोन्ही शॉक शेजारी शेजारी टेबलावर उभे धर आणि दोन्ही अंगठ्यांनी एकदम दाब. एक पटकन खाली गेला किंवा आतून पचक् असा आवाज आला, तर त्यात हवा शिरलीय किंवा ऑइल गळलंय. तळाशी ओ-रिंगजवळ धुळीची ओली काळी कड दिसते का बघ, गळती तिथूनच असते. भरताना शाफ्ट पूर्ण खाली ओढ, ऑइल काठोकाठ भर, पिस्टन सावकाश वरखाली कर. सोड्यासारखे बारीक बुडबुडे वर येतील. मग दहा मिनिटं उभा ठेवून दे. इथे सगळे घाई करतात. बुडबुडे संपल्याशिवाय टोपण लावायचं नाही. दोन्ही शॉकचा रिबाउंड (दाबून सोडल्यावर शाफ्ट परत येणं) सारखा आला पाहिजे, आणि पूर्ण ताणल्यावर एका कडीपासून दुसऱ्या कडीपर्यंतची लांबीही. कॅलिपरने मोज, डोळ्यावर विश्वास ठेवू नकोस. लांबी वेगळी म्हणजे दोन्ही बाजूंचा ड्रूप (चाक किती खाली लटकतं ते) वेगळा.

सगळं जोडून झालं की बॅटरी आणि बॉडीसकट गाडी सपाट फरशीवर ठेव. दोनचार वेळा दाबून सोड, मग मागून चॅसीच्या बरोबर मध्यावर स्क्रू ड्रायव्हरचं टोक घालून हळूच उचल. दोन्ही मागची चाकं एकाच वेळी जमीन सोडतात का बघ. पुढूनही तसंच. एक मागे राहिलं तर स्प्रिंगच्या कॉलरी (स्प्रिंगचा ताण ठरवणाऱ्या रिंगा) सारख्या नाहीत, नाहीतर बॅटरी एका बाजूला जड होतेय.

चाकोरीबाहेर

काका, मुद्दा पटला. डावं-उजवं माझ्या लक्षातच आलं नाही.

टायरवेडी

काकांनी टायर विसरले, म्हणून लिहिते. उजव्या मागच्या टायरची कड अंगठ्याने रिमपासून ढकलून बघा, गोल फिरवत, आतली आणि बाहेरचीही. माझ्या गाडीत बाहेरच्या कडेचा दोन बोटं भाग सुटला होता. हातात धरून टायर एकदम शहाणा दिसायचा. वळणात वजन आलं की तिथेच फट उघडायची आणि टायर रिमवरून सरकायचा. मी तीन आठवडे कॅम्बर बदलत होते!

चिकटवायच्या आधी धूळ स्पिरिटने पुसा. सुपर ग्लू थेंबाथेंबाने, खिडकी उघडी ठेवून, नाहीतर डोळे झोंबतात. आणि गाडी पाण्याने धूत असाल तर टायरच्या भोकातून पाणी आतल्या फोममध्ये शिरतं. फोम एका बाजूला ओला आणि जड राहिला तर सरळ रस्त्यावरही गाडी थरथरते. मी आता धुणं सोडलंय, फक्त ब्रश आणि हवा. हवेचा झोत थेट बेअरिंगवर मारायचा नाही, माती बाहेर पडायच्या ऐवजी आत जाते.

धुरळा२७

काका, सापडलं!

डावा आर्म पडला. उजवा पडलाच नाही, अर्ध्यावर तरंगत राहिला, जणू त्याला कोणी धरून ठेवलंय. लिंक काढली तरी तेच. आतली पिन कपाटाच्या आरशावर फिरवली तर तुम्ही म्हणालात तसं टक् टक्. मग आठवलं, दीड महिन्यापूर्वी ट्रॅकच्या कडेच्या पाइपवर उजवं मागचं चाक जोरात आदळलं होतं. तेव्हा वरून काही मोडलेलं दिसलं नाही म्हणून तसाच पळवत राहिलो.

शिवाय उजव्या शॉकमध्ये ऑइल निम्मंच होतं, आणि त्याची लांबी डाव्यापेक्षा ०.६ मिमी जास्त. कडी शाफ्टवर पूर्ण आवळलेलीच नव्हती, हे पाप माझंच. टायर तपासले, ते ठीक आहेत.

नवीन पिन घातली, दोन्ही शॉक भरले, तुमचे पाचही आकडे परत लावले. आज चार बॅटऱ्या पळवल्या. डावं वळण अगदी मुठीत! फक्त एक राहिलं. मोठ्या उडीवर गाडी नाक खाली घालून पडते. पुढच्या स्प्रिंगा कडक करू?

फिटरकाका

पुन्हा स्प्रिंगा! अरे, पुढचे आर्म पडतात का ते बघितलंस? पडत असतील तर स्प्रिंगा जागेवर राहू दे आणि आधी स्वतःचं बोट बघ. हवेत असताना मागची चाकं जोरात फिरवलीस तर गाडीचं नाक वर येतं. चाकं थांबवलीस तर नाक खाली जातं. फिरणाऱ्या चाकाचा गाडीवर उलटा धक्का बसतो, त्याची ही करामत. उडी आली की तू घाबरून बोट सोडत असणार. ईएससीमध्ये (मोटरचा वेग सांभाळणारा डबा) ड्रॅग ब्रेक चालू असेल तर बोट सोडल्याबरोबर चाकं आवळतात आणि गाडी डोक्यावर जाते. तो किती टक्के लावलाय ते बघ, शून्य करून एक बॅटरी पळव. एकच बदल कर, दुसरा नको.

आणि हो, आता सगळं उघडलंच आहेस तर पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) आणि स्पर (त्याला लागलेला मोठा गिअर) यांच्यामध्ये कागदाची पट्टी घालून मेश (दातांमधलं अंतर) बघ. पट्टी फिरवून बाहेर काढली की सुरकुतलेली निघाली पाहिजे, फाटलेली नको. पिनियनचा बारीक स्क्रू मोटरच्या शाफ्टच्या सपाट भागावरच बसलाय ना? त्याला निळा थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) चालतो, कारण धातू धातूत जातोय. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूला मात्र कधीच लावू नकोस, प्लास्टिक तडकतं. बॅटरी पुढच्या रविवारपर्यंत वापरणार नसशील तर फुल चार्ज करून ठेवू नकोस. दर सेल ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेव. फुगलेली लायपो मी पाहिलीय. गुबगुबीत उशी दिसते आणि घरात ठेवायची हिंमत होत नाही.

चाकोरीबाहेर

माझ्या गाडीचा उजवा आर्म आत्ताच उचलून सोडला. पडला नाही. ३००० डिफ ऑइल बाहेर काढतोय.

धुरळा२७

काका, ड्रॅग ब्रेक १५ टक्के होता, शून्य केला. उडीवर डोळे मिटून थ्रॉटल पूर्ण धरून ठेवला. आता नाक आभाळात आणि शेपूट जमिनीवर, विंगचे दोन तुकडे.

फिटरकाका

निम्मा धर. आणि डोळे उघडे ठेव.