रिकर्व्ह धनुष्याच्या लिम्बला (वाकणाऱ्या भुजेला) गाभा कुठल्या लाकडाचा? (पुणे)

कर्वेनगरचा_तिरंदाज
६२ इंची, ४० पौंडी (दोरी ओढायला लागणारं बळ) रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य करतोय. दोन्ही बाजूंना १ मिमी फायबरग्लास. भवानी पेठेत हार्ड मेपलचं लाकूड काही मिळेना. ॲश, बांबू मिळतोय. साग घरातच आहे, पण त्याच्या तेलामुळे सांधा चिकटेल का, ही धास्ती वाटते. काय घेऊ?

रंधा_८०
ताण आणि दाब बहुतेक फायबरग्लासच घेतं. गाभ्याचं काम म्हणजे त्या दोन पट्ट्यांमध्ये अंतर राखणं आणि वाकताना थर एकमेकांवर सरकू न देणं. म्हणून जातीआधी फळी बघा: रेषा सरळ, गाठ नको, वजन बेताचं. शिसव, बाभूळ रायझरला (मधल्या मुठीच्या भागाला) ठेवा. लिम्बमध्ये टोकं जड होऊन बाणाचा वेग जातो. पांगाऱ्यासारखं भुसभुशीत लाकूड आतल्या आत फाटतं.

मी सरळ रेषेचा ॲश घेईन. धामणीचं लाकूड मिळालं तर फारच उत्तम, धनुष्याला ते आपल्याकडे पूर्वापार वापरतात.

सागही चालतो. ८० नंबरचा पॉलिशपेपर मारा, फडक्याला रंग लागायचा थांबेपर्यंत ॲसिटोनने पुसा, वाळताच इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) लावा. उद्यावर ठेवलंत तर तेल परत वर येतं. आधी दोन तुकडे चिकटवून, पूर्ण बसल्यावर सांध्यात पटाशी घाला. लाकूड फाटलं तर सांधा पक्का. चकचकीत थर स्वच्छ सुटला तर त्या फळीचा नाद सोडा. क्लँपही करकचून आवळू नका, सगळं इपॉक्सी बाहेर येतं आणि सांधा कोरडा राहतो.

मानवेल
बांबू घेणार असाल तर मानवेल बघा, जवळजवळ भरीव असतो. तीन-चार वर्षांची, पावसाळ्यानंतर तोडलेली काठी हवी. कोवळ्या काठीत पिष्ट जास्त, भुंगा पोखरतो. सालीलगतचे तंतू सगळ्यात दाट, त्यामुळे आतला मऊ भाग काढा. पट्ट्या शेजारी-शेजारी चिकटवताना पेरं एका ओळीत येऊ देऊ नका.

कर्वेनगरचा_तिरंदाज
धन्यवाद! मग ॲशच. जुलैतच चिकटवलं तर चालेल?

रंधा_८०
उघड्यावर ठेवलेल्या पट्ट्या नकोत. बल्ब लावलेल्या पेटीत ठेवा, रोज वजन करा. वजन उतरायचं थांबलं की चिकटवा. ओलं लाकूड नंतर आकसतं आणि सांध्यावर ताण येतो.

जाडी मात्र व्हर्नियरनेच मोजा. ताकद जाडीच्या घनाप्रमाणे बदलते: लिम्बची एकूण जाडी ५ टक्के वाढली की ४० चे ४६ पौंड होतात. थोडं जाड ठेवून, मग कडा घासून पौंड उतरवा.