मदत हवी आहे : स्वीट अँड सॉर विंग्ज सॉसमध्ये घातले की मऊ पडतात

घाईत_ठाणेकर
आज आठ वाजता भाऊ-वहिनी आणि मुलं जेवायला येताहेत. एक किलो विंग्ज आणलेत. तळून काढले की छान लागतात, पण सॉसमध्ये घोळवले की पाच मिनिटांत लिबलिबीत होतात. सॉसही पातळ राहतो, चिकनला धरतच नाही, सगळा तळाशी साचतो. काय करू? लवकर सांगा. रेसिपीच्या लिंक नकोत, खूप पाहून झाल्यात.

रानमेवा
कातडीसकट आहेत का? वरून काय लावता? सॉसमध्ये काय काय घालता? काहीच लिहिलेलं नाही तुम्ही.

लोखंडी_तवा
तळूच नका. विंग्ज कोरडे पुसायचे, किलोला दोन छोटे चमचे बेकिंग पावडर आणि मीठ चोळायचं, जाळीवर उघडे रात्रभर फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी ओव्हनमध्ये 220 अंशांवर पाऊण तास. पावडरच हं, सोडा नाही, सोड्याने कडवट लागतात. माझ्याकडे दुसऱ्या पद्धतीने होतच नाहीत.

घाईत_ठाणेकर
दादा, पाहुणे आज आहेत! ओव्हन नाही, गॅस आहे. कातडी नाही, आमचा चिकनवाला सोलूनच देतो. वरून मैदा. सॉस : केचप, व्हिनेगर, साखर, सोया सॉस, अननसाचा रस, शेवटी कॉर्नफ्लोअरचं पाणी.

रानमेवा
मग बेकिंग पावडर विसरा, ती कातडीवर काम करते. सोललेल्या विंग्जना वरचं आवरणच कुरकुरीत हवं आणि नुसता मैदा सॉसमध्ये लगेच भिजतो. मीठ, मिरी, आलं-लसूण लावून ठेवा. मग अंड्याचा पांढरा बलक, त्यावर कोरडं कॉर्नफ्लोअर दाबून लावा. मध्यम आचेवर आतपर्यंत शिजतील असे तळा, बाहेर काढून दहा मिनिटं थांबा आणि आच मोठी करून पुन्हा दोन मिनिटं तळा. पेपरवर रचू नका, जाळीवर ठेवा, नाहीतर खालून वाफ धरते.
कॉर्नफ्लोअर घातल्यावर सॉसला उकळी येते का?

मालवणी_कुडी
व्हिनेगर हवंच कशाला? कोकमाचं आगळ आणि गूळ घाला. आमच्याकडे सगळ्यांना तेच आवडतं.

लोखंडी_तवा
आगळाची चव मला पण आवडते, पण सोया सॉसबरोबर? रंग काळपट येईल. हा मूळचा चीनमधल्या कँटनचा प्रकार आहे, व्हिनेगर आणि साखर हाच त्याचा पाया.

मालवणी_कुडी
कँटनमध्ये केचप कुठून आलं मग? ते चालतं आणि आगळ चालत नाही?

सुमनमावशी
मुलं आहेत ना, अजिनोमोटो घालू नकोस हो बाळा.

घाईत_ठाणेकर
मावशी, अजिनोमोटो नाहीच आहे यात.
@रानमेवा, उकळी नाही आणत. गुठळ्या होतात म्हणून घातलं की लगेच उतरवते.

रानमेवा
मग पातळच राहणार, ताई. कॉर्नफ्लोअर चांगलं गरम झाल्याशिवाय फुगत नाही. आधी रस आणि साखर आटवून घ्या. मग एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर दोन चमचे गार पाण्यात कालवून, ढवळत ढवळत घाला आणि बुडबुडे येऊ द्या. गार पाण्यात नीट कालवलं की गुठळ्या होत नाहीत. चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढा; मिटली नाही की सॉस तयार. मात्र त्यानंतर उकळत ठेवू नका, आंबटपणामुळे पुन्हा सैल होतो.

पुणेरी_चव
विंग्ज कशाला, लॉलीपॉप करा ना! मांस खालून वर सरकवायचं, हाड मोकळं, मुलं हातात धरून खातात. चायनीजच्या गाड्यावर तेच मिळतं.

घाईत_ठाणेकर
आता सोलत बसायला वेळ नाही. पहिला घाणा तळून झाला, आवरण सुटलं नाही. सॉस आता घालू की पाहुणे आल्यावर?

रानमेवा
ताटं मांडल्यावर. दुसरं तळणही तेव्हाच. सॉस गरम ठेवा, मोठ्या भांड्यात विंग्जवर ओतून दोन वेळा परता आणि लगेच वाढा. झाकण अजिबात नको. वरून पातीचा कांदा.

लोखंडी_तवा
आणि पुढच्या खेपेला चिकनवाल्याला सोलू नको म्हणून आधीच सांगा.

खादाड_नगरकर
एअर फ्रायर आहे का तुमच्याकडे?