पेशीपटलातील पीआयपी-२: भार, पुंजके आणि मोकळा साठा यांविषयी प्रश्न

रेणुवेध (प्रश्न)

फॉस्फॅटिडिलइनोसिटॉल ४,५-बिसफॉस्फेट, म्हणजेच पीआयपी-२, हे पेशीपटलातील एकूण लिपिडांच्या जेमतेम १ टक्का असते असे पाठ्यपुस्तके सांगतात. त्याच पुस्तकांत पुढे असेही असते की हे लिपिड आयन-मार्गांचे नियमन करते, ॲक्टिनचा सांगाडा पटलाशी जोडते, एंडोसायटोसिसला (पटल आत वळवून बाहेरचे पदार्थ पेशीत घेण्याच्या क्रियेला) लागते आणि फॉस्फोलायपेज-सी या विकराने तोडले की आयपी-३ व डायॲसिलग्लिसेरॉल हे दोन संदेशवाहकही देते. एवढ्या अल्प साठ्यावर इतक्या प्रथिनांचा दावा असताना एकाचे काम दुसऱ्याच्या कामात अडथळा का आणत नाही, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

त्याला जोडून आणखी दोन शंका. या रेणूवरील ऋण भार कुठे ३, कुठे ४, तर कुठे ५ दिलेला आढळतो; गणितात कोणता धरावा? आणि भार एवढा असेल, तर रेणूंनी एकमेकांपासून दूर राहायला हवे. मग त्यांचे पुंजके होतात असे का म्हटले जाते?

द्विस्तर

तिसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तिथे साधे गणित पुरते. एका लिपिडाला पटलात सुमारे ०.६५ चौरस नॅनोमीटर जागा लागते असे धरले, तर दुपदरी पटलाच्या आतल्या पदराच्या एका चौरस मायक्रोमीटरमध्ये साधारण १५ लाख लिपिडे बसतात. त्यांतील १ टक्का म्हणजे १५ हजार. ती समान विखुरलेली असतील, तर शेजारच्या दोन रेणूंमधले अंतर सुमारे ८ नॅनोमीटर भरते. पेशीद्रवातील क्षारांमुळे विद्युत प्रभाव मात्र १ नॅनोमीटरच्या आसपासच क्षीण होऊन जातो. म्हणजे विखुरलेल्या अवस्थेत हे रेणू एकमेकांना जवळपास जाणवतच नाहीत. प्रतिकर्षणाचा प्रश्न त्यांना कोणी जवळ आणू लागले तरच उद्भवतो.

भाराबाबत एकच आकडा शोधणे सोडून द्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. इनोसिटॉल वलयाला ग्लिसेरॉलशी जोडणाऱ्या फॉस्फेटवर नेहमीच एक ऋण भार असतो. चौथ्या आणि पाचव्या स्थानावरील फॉस्फेटे मात्र परिस्थितीप्रमाणे प्रोटॉन धरतात किंवा सोडतात, आणि शेजारी असल्यामुळे एखादा प्रोटॉन वाटूनही घेतात. हे वर्तन फॉस्फॅटिडिक आम्ल या एकाच फॉस्फेटाच्या साध्या लिपिडात अधिक सुटसुटीत दिसते. फॉस्फॅटिडिलकोलीन या नेहमीच्या लिपिडाच्या पटलात त्याच्या दुसऱ्या प्रोटॉनचा पीकेए (ज्या पीएचला निम्म्या रेणूंनी तो प्रोटॉन सोडलेला असतो तो आकडा) सुमारे ७.९ येतो, तर एकच साखळी असलेल्या लायसोफॉस्फॅटिडिक आम्लाचा ७.५. पेशीद्रवाचा पीएच ७.२ धरला, तर पहिल्यावर सरासरी १.२ आणि दुसऱ्यावर १.३ एवढा ऋण भार निघतो. आता त्याच पटलात फॉस्फॅटिडिलइथेनॉलअमाइन हे दुसरे लिपिड घाला, किंवा प्रथिनातील लायसिन या धनभारित अमिनो आम्लाला फॉस्फेटशी हायड्रोजन बंध करू द्या: पीकेए खाली येतो, प्रोटॉन सुटतो आणि भार २ कडे सरकतो. म्हणजे प्रथिन जवळ येते तेव्हा ते लिपिडाचा भार स्वतःच वाढवते आणि त्यामुळे अधिक घट्ट बांधले जाते. पीआयपी-२ चेही असेच आहे, त्यामुळे आकडा देताना पीएच, क्षार आणि शेजारची लिपिडे सांगितलीच पाहिजेत.

पटलवाचक

वरील उत्तराला पूरक म्हणून: जवळ आणण्याचे काम बहुसंयुजी (एकाहून अधिक भाराचे) धन आयन आणि धनभारित प्रथिने करतात. कृत्रिम पटलांत कॅल्शियम पीआयपी-२ चे काही दहा नॅनोमीटरचे पुंजके घडवते. मॅग्नेशियम त्या मानाने दुबळे ठरते, कारण ते स्वतःभोवतीचे पाणी सहजासहजी सोडत नाही. विश्रांत पेशीत मुक्त कॅल्शियम ०.१ मायक्रोमोलारच्या घरात असल्यामुळे केवळ त्याच्या बळावर सगळीकडे पुंजके असतील असे मात्र मानू नये.

मुख्य प्रश्नाचे उत्तर प्रथिनांत आहे. मार्क्स या प्रथिनाच्या एका छोट्या पट्ट्यात १३ धनभारित अमिनो आम्ले आहेत आणि तो तीन-चार पीआयपी-२ रेणू विशिष्ट रचनेची अट न घालता, केवळ विद्युत आकर्षणाने धरून ठेवतो. कॅल्शियम धरलेले कॅल्मोड्युलिन हे प्रथिन त्याला चिकटले किंवा प्रोटीन कायनेज-सी या विकराने त्यावर फॉस्फेट चढवले की पकड सुटते आणि तेवढ्याच ठिकाणी मोकळे पीआयपी-२ वाढते. विसरणाची, म्हणजे रेणू पटलात आपोआप पसरण्याची, मापनेही याच्याशी जुळतात: कृत्रिम पटलात विसरण गुणांक (पसरण्याच्या वेगाचे माप) सेकंदाला सुमारे ३ चौरस मायक्रोमीटर, तर जिवंत पेशीत १ च्या आसपास. याचा एक सरळ अर्थ असा की कोणत्याही क्षणी दोन-तृतीयांश रेणू कुठेतरी अडकलेले असतात. तेव्हा १ टक्का हा एकूण साठा झाला, आणि प्रथिने ज्यासाठी स्पर्धा करतात तो मोकळा साठा त्याहून कमी आणि जागोजागी वेगळा असतो.

रेणुवेध

मोकळ्या साठ्याची कल्पना पटली. पण मोकळा झालेला रेणू सेकंदाला १ चौरस मायक्रोमीटर या गतीने पसरला, तर १ मायक्रोमीटर अंतर पाव सेकंदात ओलांडेल. मग स्थानिक वाढ टिकेल कशी? कोलेस्टेरॉलयुक्त सुव्यवस्थित क्षेत्रांत तो अडकतो का?

द्विस्तर

त्या क्षेत्रांवर फार भिस्त ठेवू नये. सस्तन पेशींतील पीआयपी-२ मध्ये बहुधा एक साखळी स्टिअरिक आम्लाची आणि दुसरी चार दुहेरी बंध असलेल्या अरॅकिडोनिक आम्लाची असते. अशी वाकडी साखळी दाटीच्या क्षेत्रात नीट बसत नाही. दोन्ही पामिटिक साखळ्या असलेले कृत्रिम पीआयपी-२ वापरून काढलेले निष्कर्ष म्हणूनच जपून वाचावेत. सेरामाइड या दुसऱ्या पटल-लिपिडाची गोष्ट वेगळी: त्याच्या १६ कार्बनांच्या साखळीच्या प्रकाराचे वितळण ९० अंश सेल्सियसच्या आसपास होते, तेव्हा ते शरीराच्या तापमानाला घट्ट क्षेत्रे करणारच.

स्थानिक वाढ टिकते ती दोन कारणांनी. निर्मिती आणि विघटन दोन्ही जवळच होत असेल, तर रेणू फार दूर जाण्यापूर्वीच संपतो. दुसरे म्हणजे कुंपण: मॅक्रोफेज ही भक्षक पेशी कण गिळत असताना तयार होणाऱ्या फॅगोसोमच्या (गिळलेल्या कणाभोवतीच्या पटलाच्या पिशवीच्या) तोंडाशी पीआयपी-२ चे विसरण अडते, असे प्रयोगांत दिसले आहे.

सूक्ष्मदर्शी

मोजमापाबद्दल एक सावधगिरी. पीआयपी-२ पाहण्यासाठी फॉस्फोलायपेज-सी डेल्टा-१ चा पीएच-क्षेत्र हा भाग हिरव्या प्रकाशमान प्रथिनाला जोडून वापरतात. (इथला पीएच आम्लतेचा नव्हे, प्रथिनाच्या त्या भागाचे ते नाव आहे.) हा भाग आयपी-३ ला पीआयपी-२ पेक्षाही घट्ट चिकटतो. त्यामुळे तो पटल सोडून पेशीद्रवात आला, तर पीआयपी-२ घटले की आयपी-३ वाढले, हे एकट्या चित्रावरून ठरवता येत नाही. शिवाय प्रथिनाने आधीच धरलेला रेणू त्याला दिसत नाही, म्हणजे तो दाखवतो तो मोकळाच साठा, आणि खूप प्रमाणात घातल्यास तोही तो स्वतःच अडवून बसतो. पुंजक्यांची छायाचित्रे पाहताना हा संवेदक (प्रकाशमान भाग) किती घातला होता, हे आधी तपासावे.