अ‍ॅव्हेंजर २२०ची टाकी पुढून उचलायची आहे, खुंट वेल्ड करू की क्लॅम्प लावू?

एमएच१३_बॉबर:

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. गाडी अ‍ॅव्हेंजर २२०, कार्बोरेटरवाली. सिंगल सीट बसवून झाली, आता टाकी पुढून दीडेक इंच वर हवी आहे, म्हणजे हँडलपासून सीटपर्यंत एक उतार दिसेल. बाकी गाडी बॉबर (जादा भाग काढून सुटसुटीत केलेली) आणि टाकी मात्र दूधवाल्याच्या गाडीसारखी आडवी, हे डोळ्याला खुपतं.

ऑनलाइन दिसणारी लिफ्ट किट बहुतेक हार्लेच्या स्पोर्टस्टरची. तिथे टाकी बोल्टवर बसते, त्यामुळे वरच्या छिद्राची पट्टी लावली की काम होतं. माझ्या गाडीत पुढे बोल्टच नाही. फ्रेमला दोन बाजूंना खुंट, त्यांवर रबरं, त्या रबरांवर टाकी सरकवून बसवायची आणि मागे सीटखाली बोल्ट. नुसते वॉशर घालून उंची मिळायची नाही, खुंटच वर न्यावे लागतील.

अक्कलकोट रोडला यंत्रमागाचे पार्ट करणारा एक लेथवाला आहे, हात सफाईदार. तो म्हणतो, "जुने कापू, नवीन वेल्ड करू, तासाभराचं काम." मिस्त्री म्हणतो फ्रेमला हात लावू नको, वरच्या पाइपवर दोन तुकड्यांचा क्लॅम्प कर. कुणाचं ऐकू? आणि पेट्रोलचं काय? कॉक मागच्या बाजूला आहे. रिझर्व्ह बदलेल का?

शेंगाचटणी:

मिस्त्रीचं ऐका. खुंट स्टिअरिंगच्या मानेजवळ असतात आणि चासी नंबरही तिथेच आसपास कोरलेला असतो. त्या जागी वेल्डिंगचा डाग दिसला की उद्या गाडी विकताना समोरचा आधी तुमच्याकडे बघेल, मग नंबरकडे. क्लॅम्प नको झाला तर चार बोल्ट काढून गाडी होती तशी करता येते.

पण क्लॅम्प पातळ पत्र्याचा नको. टाकी भरली की नुसतं पेट्रोलच दहा किलोच्या आसपास होतं, त्यात खड्डे. जाड एमएस (माइल्ड स्टील) घ्या, पाइप आणि क्लॅम्पच्या मध्ये रबर घाला, नाहीतर रंग जाऊन तिथूनच गंज धरेल. नट नायलॉकच, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, ते हादऱ्याने सैल होत नाहीत. जुनी रबरं कडक झाली असतील तर आत्ताच बदला.

पेट्रोलची काळजी सोडा, तुमची दिशा बरोबर आहे. टाकीची लांबी वीस इंच धरली तर दीड इंचाने ती चारेक अंश कलते. पंधराला एक असा चढ चढतानाही गाडी जवळपास तेवढीच कलते आणि बंद पडत नाही. उलट पेट्रोल मागे, कॉककडे येईल. मागून उचलणाऱ्यांचे हाल होतात, पुढच्या खोलगट भागात पेट्रोल साचतं आणि रिझर्व्हवरही गाडी फुरफुरते. रिझर्व्हचा आकडा तुमचाही थोडा हलेल. टाकी रिकामी करून लिटर-लिटर मोजून भरा आणि काटा कुठे येतो ते लिहून ठेवा. काटा हलवणारा आतला फ्लोट कललेल्या टाकीत वेगळं बोलतो.

हॉर्न_ओके:

मापं घेताना हँडल दोन्हीकडे पूर्ण लॉक मारून बघा. टाकीचं नाक वर आलं की क्लच आणि अ‍ॅक्सिलरेटरच्या केबल तिथे दाबल्या जातात. हँडल वळवल्यावर आरपीएम वाढला तर समजा केबल ओढली जातेय. ही चाचणी गाडी उभी असतानाच करा बे, तुळजापूरच्या घाटात नको.

टाकीखालचं वायरिंग आता उघडं पडेल. स्लीव्ह घालून पाइपला बांधा, आपल्याकडच्या मे महिन्यात साधी टेप चिकट होऊन लोंबते. पेट्रोलची नळीही नवीन घ्या, पारदर्शक प्लास्टिकची नको, ती कडक होऊन तडकते. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, त्याला चालणारी रबरी नळी मागा आणि कुठे मुडपत नाही ना ते बघा. झाकणाभोवतीचं पावसाचं पाणी काढणारं भोक पुढे असेल तर टाकी कलल्यावर पाणी मागे साचेल. लोक हे विसरतात.

एमएच१३_बॉबर:

दोघांचे आभार. क्लॅम्पच करतो. पण आरटीओचं काय? मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ए खाली गाडीतल्या एका बदलाला ५,००० दंड, असं मित्र घाबरवतोय.

शेंगाचटणी:

आकडा बरोबर आहे, कलम १८२ए(४). कलम ५२चा रोख मात्र आरसीवर नोंदलेल्या तपशिलांवर आहे, आणि टाकी किती इंच वर हे आरसीत नसतं. माझ्या मते क्लॅम्पपेक्षा तुमची सिंगल सीट आधी नजरेत येईल, कारण आसनसंख्या आरसीत असते. ती दोनच असेल तर तिचं काय करायचं ते आरटीओत विचारून घ्या आणि इन्शुरन्सवाल्याला कळवा.

आणि लेथवाल्याकडे टाकी घेऊन जाऊच नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, आणि तिथे ग्राइंडर चालू असतो. मापं पुठ्ठ्यावर कापून न्या.