महागड्या शहरात ‘बसण्याचं’ बिल: बडोदेकरांनो, अनुभव सांगा

दांडियाबाजारकर
काल भाच्याने लंडनहून फॅमिली ग्रुपवर पबच्या बिलाचा फोटो टाकला. ह्यांनी तो मोठा करकरून पाहिला आणि माझ्याकडे बघितलं. दोघांनाही एकच गोष्ट आठवली होती.

नणंदेच्या लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही मुंबईला गेलो होतो. दादरला साड्या बघायच्या आदल्या संध्याकाळी ह्यांचे दोन मित्र भेटले, म्हणाले चला, बडोद्यात काही मिळत नाही, इथे तरी निवांत बसू. मी लिंबू सोडा घेतला. आत दिवे इतके मंद की मेन्यूकार्डवरचे आकडे दिसेनात. वेटर वाकून विचारायचा, “साहेब, रिपीट?” आणि कोणीतरी मान हलवायचं. शेवटी चामड्याच्या पाकिटात बिल आलं. पेगच्या किमतीपेक्षा मला खालची यादी टोचली. न मागता ठेवलेली दाण्यांची बशी, न विचारता फोडलेली पाण्याची बाटली, प्रत्येक सोडा वेगळा, वर सर्व्हिस चार्ज. बस्त्याचे पैसे माझ्या पर्समध्ये होते, त्यातूनच दिले. दुसऱ्या दिवशी मानाचा एक शालू कमी झाला, साधी साडी घेतली. सासूबाईंना काय सांगायचं ही चर्चा परतीच्या गाडीत सुरतेपर्यंत चालली होती.

आपल्याकडे दारूबंदी, त्यामुळे भावाचा अंदाजच नसतो. खंडेराव मार्केटात भेंडीचा भाव दहा ठिकाणी विचारू, पण बाहेरगावी पेगचा भाव विचारायला माणसं लाजतात. तुम्हाला कुठे किती पडलं आणि पैसे नेमके कशात गेले ते लिहा. पिणारे, न पिणारे, सगळ्यांनी.

कारेलीबागवाला
शालूचं वाचून वाईट वाटलं ताई 😔 नणंदेला कळलं का पुढे?

दांडियाबाजारकर
कळलं. तीच हसली सगळ्यात जास्त. फार गुणी आहे.

अलकापुरी_ते_सिंगापूर
इथे मेन्यूवर किमतीपुढे दोन अधिकची चिन्हं असतात ती आधी बघा. २० डॉलर++ लिहिलं असेल तर आधी १०% सर्व्हिस चार्ज, म्हणजे २२. मग त्या २२ वर ९% जीएसटी. झाले २३.९८. टॅक्सवाला चार्जवरही टॅक्स घेतो. नदीकाठच्या बारमध्ये आपले लोक हे न बघताच बसतात.

आई-बाबा आले तेव्हा रॅफल्स हॉटेलच्या लाँग बारमध्ये नेलं होतं, सिंगापूर स्लिंग हे कॉकटेल तिथलंच म्हणून. एका ग्लासाला चाळीस डॉलरच्या आसपास. दाणे मात्र फुकट, आणि टरफलं खुशाल जमिनीवर टाकायची अशी तिथली जुनी रीत. बाबांनी टाकली. आईने स्वतःची सगळी रुमालात गोळा केली, जमिनीवर टाकवेचना तिला.

रोजचं म्हणाल तर आम्ही हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे स्वस्त खाण्याच्या स्टॉल्सच्या आवारात बसतो. बियरची मोठी बाटली मागवायची, चौघांत वाटायची. दुकानातून घ्यायची तर रात्री साडेदहाच्या आत घ्या, नंतर सकाळी सातपर्यंत विक्री बंद. २०१५ पासून कायदाच आहे.

मांजलपूर_मावशी
टरफलं रुमालात 😂 मीही तेच केलं असतं. आईंना नमस्कार सांग.
कुकर लावलाय, सावकाश वाचते सगळं.

वाडीतला_सीए
ताई, तेव्हाचं राहू द्या, आत्ताच्या मुंबईचं सांगतो, कारण बिल हातात घेऊन भांडणारे खूप आणि वाचणारे कमी.

दारूवर जीएसटी नाही, तो राज्याचा विषय. महाराष्ट्रात बारमधल्या दारूवर व्हॅट आहे, नोव्हेंबर २०२३ मध्ये तो ५ वरून १०% झाला. जेवणावर जीएसटी वेगळा. म्हणून बिलात दोन भाग दिसतात. २०२५ मध्ये उत्पादन शुल्क वाढवलं, मूळ उत्पादनखर्चाच्या तिपटीपर्यंत होतं ते साडेचारपट. म्हणजे बाटली बारमध्ये येईपर्यंतच महाग झालेली असते. त्यावर त्या जागेचं भाडं, एसी, लायसन्स फी.

सर्व्हिस चार्ज मात्र सरकारी कर नाही, हे पाठ करून ठेवा. तो ऐच्छिक आहे. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच तसं सांगितलं, दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरलं. शांतपणे “हा काढून द्या” म्हणायचं.

आणि महाराष्ट्रात बियर-वाइन सोडून बाकी दारूसाठी वय पंचवीस हवं, एकवीस नाही. मुलं मुंबईला शिकायला जातात त्यांना सांगून ठेवा.

कारेलीबागवाला
हे सेव्ह करून ठेवलं. धन्यवाद सीएभाऊ. रिटर्न भरायची शेवटची तारीख वाढणार का यंदा?

वाडीतला_सीए
वाढेल म्हणून बसू नका. कागद घेऊन या.

लंडनला_दहा_वर्षं_काढलेली
ताईंच्या भाच्यासाठी खास. लंडनच्या मध्यवर्ती भागात बियरचा पिंट, म्हणजे मोठा ग्लास, ६-७ पौंड सहज. पण खरा खर्च राऊंडचा. सहा जण गेले की एक जण सगळ्यांचं आणतो, मग दुसरा, मग तिसरा. मी पीत नाही. माझा ऑरेंज ज्यूस, पण माझी पाळी आली की सहा जणांचं बिल माझ्या कार्डावर. मागे सरकलं तर चिकट म्हणतात आणि ते ऑफिसात लक्षात राहतं. शेवटी मी सरळ सांगायला लागले की मी राऊंडमध्ये नाही, माझं मी आणीन. एकदा स्पष्ट बोललं की कोणी मनाला लावून घेत नाही. भाच्याला हे पहिल्या दिवशीच सांगा.

दुसरं, तिथला सिंगल पेग म्हणजे बहुतेक ठिकाणी २५ मिली. आपल्याकडचा स्मॉल ३० चा. ग्लासात बघून आपले काका लोक हमखास “अजून येतेय का?” विचारतात. अर्धा पिंट मागितला तरी चालतं, त्यात कमीपणा नाही.

दांडियाबाजारकर
हे त्याला लगेच पाठवलं. खूप खूप आभार. राऊंडचंच बिल होतं ते!

फाइनआर्ट्सची_माजी
ओस्लो. बारमध्ये अर्धा लिटर बियर शंभर क्रोनरच्या पुढे. किराणा दुकानात फक्त ४.७% अल्कोहोलपर्यंतची मिळते, तीही रात्री आठपर्यंत, शनिवारी सहापर्यंत. त्यावरचं सगळं सरकारी विनमोनोपोलेट दुकानात, १९२२ पासून ही व्यवस्था आहे. रविवारी बंद. म्हणून लोक आधी कोणाच्या तरी घरी बसतात, पिऊन मग बाहेर पडतात आणि बारमध्ये एकच ग्लास तासभर पुरवतात. पॅकेटभर लीलो चिवडा मी बडोद्याहून नेला होता. माझ्या घरी गर्दी त्याच्यासाठी व्हायची.

मांजलपूर_मावशी
लीलो चिवडा विमानात चालतो? ओला असतो ना तो.

फाइनआर्ट्सची_माजी
मावशी, चेक-इन बॅगेत, डबल पिशवी. दोन-चार दिवसांत संपवायचा.

गोत्री_रोड
एवढं लांब कशाला, दमण आहे की. वापीला उतरलं की झालं. बाटली स्वस्तच आहे, पण शनिवार-रविवार हॉटेलवाले खोलीचे भाव असे चढवतात की वाचलेलं सगळं तिथे जातं. मधल्या वारी जा. आणि उरलेली तिथेच सोडून या, परत आणायच्या फंदात पडू नका.

कारेलीबागवाला
गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत, त्या नव्या व्यापारी वसाहतीत, दारूबंदीतून सूट दिलीय ना आता?

वाडीतला_सीए
डिसेंबर २०२३ मध्ये दिली. पण ठरावीक हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये बसून, बाटली विकत मिळत नाही. बडोद्याहून छांटापाणीसाठी गांधीनगर गाठायचं तर डिझेल पण धरा.

रावपुरा_७२
सगळ्यांनी पैशांचं लिहिलं म्हणून लिहिते. माझा भाऊ दुबईला होता. २०२३ ला तिथे दारूवरचा ३०% कर काढला, तेव्हा त्यांच्या खोलीवरची मुलं खूश झाली होती. २०२५ पासून पुन्हा लावला. भाऊ म्हणतो कर लागला तरी पिणं कोणाचं कमी झालं नाही, घरी येणारी रक्कम कमी झाली. महिन्याच्या एक तारखेला वहिनी फोनकडे बघत बसायची ते मी पाहिलंय.

दांडियाबाजारकर
🙏 वहिनी कशा आहेत आता?

रावपुरा_७२
बरी आहे. शिवणक्लास काढलाय वाडीत. ब्लाउज छान शिवते, कोणाला हवे असतील तर सांगा.

लंडनला_दहा_वर्षं_काढलेली
मला हवेत! मेसेज करते.

मांजलपूर_मावशी
एक विचारायचं राहिलं. जावई पुढच्या आठवड्यात येतायत, ड्यूटी फ्रीमधून सासऱ्यांसाठी बाटली आणू का विचारत होते. बाहेर महाग म्हणून तिथून घेतात ना सगळे? मुंबईला उतरून बडोद्याचं विमान आहे.

वाडीतला_सीए
मावशी, कस्टमला दोन लिटरपर्यंत हरकत नाही. पण तो झाला केंद्राचा नियम. गुजरातेत परमिटशिवाय बाटली जवळ बाळगणं गुन्हाच आहे, सीलबंद असली आणि पावती असली तरी. काकांकडे हेल्थ परमिट, म्हणजे तब्येतीच्या कारणाने मिळणारा दारूचा परवाना, आहे का?

मांजलपूर_मावशी
नाही रे. मग चॉकलेटच आणा म्हणते.